‘ओ’ गट रिकामा नव्हे : बॉम्बे रक्तगटाचा इतिहास

रक्ताचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर दोन तक्ते काढतो. पहिला रक्ताच्या घटकांचा आणि दुसरा रक्तगटांचा. दुसऱ्या तक्त्यात ‘ओ’ गटासमोर, प्रतिजनाच्या रकान्यात, आपण ‘नाही’ असे लिहितो. त्याखाली मुले एक वाक्य वहीत उतरवून घेतात : ओ गटाची व्यक्ती सर्वांना रक्त देऊ शकते. परीक्षेत यावर एक गुणाचा प्रश्न हमखास येतो.

हा तक्ता चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो अपुरा आहे हे जगाला कळले ते आपल्या मुंबईत, १९५२ साली. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक रक्तपेढीच्या पुस्तकात या शहराचे नाव आहे. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव इंग्रजीतही मुंबई झाले, पण रक्तगटाचे नाव ‘बॉम्बे’च राहिले. हा गट दुर्मीळ आहे हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मात्र तो सापडला कसा, आणि त्याने रक्ताबद्दल नवे काय शिकवले, ही गोष्ट शाळेपर्यंत फारशी पोचलेली नाही.

पहिला तक्ता : कोण काय काम करते

प्रथम थोडी उजळणी. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातला सुमारे ५५ टक्के भाग म्हणजे रक्तद्रव, अर्थात प्लाझ्मा. पिवळसर रंगाच्या या द्रवात मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेली प्रथिने, क्षार, साखर व संप्रेरके असतात. उरलेला भाग पेशींचा. एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी, ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी आणि दीड ते साडेचार लाख रक्तपट्टिका असतात. तांबड्या पेशी हिमोग्लोबिनच्या साहाय्याने प्राणवायू वाहून नेतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशी संरक्षणाचे काम करतात. रक्तपट्टिका रक्त गोठण्यास मदत करतात.

आपल्या गोष्टीत दोनच पात्रे महत्त्वाची आहेत. एक तांबड्या पेशीचा पृष्ठभाग आणि दुसरे रक्तद्रवातली प्रतिपिंडे. पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या लहान साखळ्या असतात. पेशीची ओळख पटते ती या साखळ्यांवरून, म्हणून त्यांना प्रतिजन म्हणतात. रक्तद्रवातली प्रतिपिंडे ही परकी ओळख हुडकून तिला चिकटणारी प्रथिने होत.

येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ आधीच दूर करावा. जखमेवर रक्त गोठते ती एक क्रिया. विजोड रक्त मिसळल्यावर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, ती अगदी वेगळी क्रिया. पहिलीत रक्तपट्टिका आणि गोठवणारी प्रथिने काम करतात, दुसरीत प्रतिपिंडे. पहिली प्राण वाचवते. दुसरी शरीरात घडली तर तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांमध्येच फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि रोगी दगावूही शकतो.

दुसरा तक्ता : व्हिएन्नाची चौकट

एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयोग फार जुने आहेत. त्यांपैकी काही यशस्वी होत आणि काहींत माणूस मरे. असे का होते याचे उत्तर १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी दिले. त्यांची पद्धत शाळेतही समजावता येईल इतकी साधी होती. स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेऊन त्यांनी पेशी व रक्तद्रव वेगळे केले. मग प्रत्येकाचा रक्तद्रव प्रत्येकाच्या पेशींत मिसळून पाहिला. काही जोड्यांत पुंजके झाले, काहींत झाले नाहीत. या निरीक्षणांतून ए, बी आणि सी असे तीन गट पडले. ‘सी’लाच पुढे ‘ओ’ म्हणू लागले. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी चौथा, एबी गट दाखवला. लँडस्टायनर यांना या कामासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लँडस्टायनर यांच्या चौकटीत एक सुंदर नियम आहे. जो प्रतिजन आपल्या पेशींवर नाही, त्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात असतात. ए गटाच्या माणसात बीविरोधी प्रतिपिंडे, बी गटाच्या माणसात एविरोधी, एबीत कोणतीच नाहीत आणि ओमध्ये दोन्ही. आतड्यातल्या जिवाणूंवर अशाच साखळ्या असतात. त्यांच्याशी संपर्क आल्यावर बाळाच्या पहिल्या काही महिन्यांतच ही प्रतिपिंडे तयार होऊ लागतात.

भारतीय रक्ताची या चौकटीशी मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती पहिल्या महायुद्धात. ग्रीसमधील सालोनिका येथे निरनिराळ्या देशांचे सैनिक एकत्र होते. लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने त्यांचे रक्तगट तपासून १९१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतीय सैनिकांत बी गटाचे प्रमाण सर्वांत जास्त, सुमारे ४१ टक्के निघाले. गटांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते ही गोष्ट तेव्हा प्रथमच आकड्यांनी स्पष्ट झाली. परंतु सगळी माणसे चार खणांत बसतात, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

ओ हा त्यांतला ‘काहीच नसलेला’ खण होता. युरोपातल्या काही देशांत हा गट आजही ‘शून्य’ असाच वाचला जातो. शून्याच्या आत आणखी काही शोधायला कोण जाणार?

परळमधले निरीक्षण

आता मुंबईकडे येऊ. परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी एक अट घातली होती : अध्यापकांच्या जागा पात्र भारतीयांनाच मिळाल्या पाहिजेत. सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागांवर इंग्रज बसण्याचा तो काळ होता. या अटीमुळे भारतीय डॉक्टरांना शिकवायला, प्रयोगशाळा चालवायला आणि संशोधन करायला हक्काची जागा मिळाली. पाव शतकानंतर या महाविद्यालयाचे नाव रक्तगटांच्या इतिहासात गेले.

१९५२ च्या सुमारास मुंबईत दोन रुग्णांना रक्ताची गरज पडली. एक अपघातात जखमी झालेला रेल्वे कामगार होता आणि दुसरा भोसकल्यामुळे जखमी झालेला माणूस. नेहमीच्या तपासणीत त्यांच्या पेशी एविरोधी द्रवातही पुंजके करत नव्हत्या आणि बीविरोधी द्रवातही नाही. म्हणजे तक्त्याप्रमाणे गट ओ. पण ओ गटाच्या दात्याचे रक्त जुळवून पाहिले, तर दात्याच्या पेशींचे पुंजके झाले. ए, बी, एबी, ओ, कोणतेच रक्त जुळेना. दीडशेहून अधिक दात्यांचे रक्त तपासल्यावर कुठे एक जुळणारा दाता मिळाला, आणि तोही मुंबईचाच रहिवासी होता.

या ठिकाणी क्षणभर थांबून ‘जुळवणी’ म्हणजे काय ते पाहू. रक्तपेढीत तिला क्रॉस-मॅच म्हणतात. पिशवीवर लिहिलेला गट आणि रोग्याच्या कागदावरचा गट सारखा असला, तरी तेवढ्यावर रक्त दिले जात नाही. दात्याच्या थोड्या पेशी आणि रोग्याचा थोडा रक्तद्रव नळीत एकत्र करून पुंजके होतात का ते पाहतात. ही चाचणी म्हणजे लँडस्टायनर यांचाच प्रयोग, दर वेळी नव्याने केलेला. ‘दोघेही ओ आहेत, मग कशाला?’ असे म्हणून कोणी ही पायरी गाळली असती, तर रोग्याच्या जिवावर बेतले असते आणि शोधही लागला नसता. कागदावरच्या गटापेक्षा नळीत काय दिसते यावर विश्वास ठेवण्याची प्रयोगशाळेची साधी शिस्त या शोधाच्या मुळाशी आहे.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी या विचित्र रक्ताचा पाठपुरावा केला. रक्तगटांच्या अभ्यासाचे त्या काळचे मोठे केंद्र म्हणजे लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट. तेथील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या शास्त्रज्ञांनीही तपासणीत भाग घेतला. ३ मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये सात जणांच्या नावे दोन पानांचा लेख आला. एबीओ गटांशी संबंध असलेले रक्ताचे एक ‘नवे’ लक्षण, असा त्याचा विषय होता. लेखकांच्या नावांत मुंबईची तीन नावे पहिली आहेत.

खुंटी, टोपी आणि पिशवी

नवे काय होते? लंडनच्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांना १९४८ च्या सुमारास एका पदार्थाची ओळख पटली होती. ओ गटाच्या पेशींना ओळखणारे द्रव प्रत्यक्षात ‘ओ’ नावाच्या गोष्टीला ओळखत नाहीत, तर जवळजवळ सर्वच माणसांत असलेल्या एका मूळ पदार्थाला ओळखतात, असे त्यांना दिसले. या पदार्थाला त्यांनी ‘एच’ म्हटले. मात्र हा पदार्थ अजिबात नसलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. जी गोष्ट सर्वांत असते, ती नसल्यावर काय होते हे कळणार कसे? लंडनला पदार्थ माहीत होता, तो नसलेली माणसे मुंबईत सापडली.

मुलांना हे समजावण्यासाठी घरातल्या खुंटीचे उदाहरण सोपे पडते. तांबड्या पेशीचा पृष्ठभाग ही भिंत. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली की एच प्रतिजन तयार होतो. ही झाली खुंटी. ए गटाच्या माणसात एक विकर या खुंटीवर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामिन ही साखर अडकवते. ती टोपी समजा. बी गटाच्या माणसात दुसरे विकर गॅलॅक्टोज ही साखर अडकवते. ती पिशवी. एबीच्या माणसात काही खुंट्यांवर टोप्या आणि काहींवर पिशव्या असतात. आणि ओ गटात? खुंटीवर काहीही नसते, पण खुंटी असते. ओ गटाच्या पेशींवर एच प्रतिजन सर्वांत जास्त प्रमाणात उघडा असतो. आपण ज्याला ‘नाही’ म्हणत होतो, तेथे काहीतरी होते. ते जवळपास प्रत्येकात असल्यामुळे कोणाला परके वाटत नव्हते, इतकेच.

बॉम्बे गटाच्या माणसात ही खुंटीच बसवलेली नसते. खुंटी नाही म्हणून टोपी नाही आणि पिशवीही नाही. आता लँडस्टायनर यांचा नियम लावा. जे आपल्यात नाही त्याविरुद्ध प्रतिपिंडे. म्हणून या माणसाच्या रक्तद्रवात एविरोधी, बीविरोधी आणि एचविरोधी अशी तिन्ही प्रतिपिंडे असतात. ओ गटाच्या पेशींवर उघडा एच असल्यामुळे तथाकथित ‘सर्वदात्या’चे रक्तही त्याला घातक ठरते. या माणसाला तांबड्या पेशी चालतात त्या फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाच्या. शिवाय आरएच गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हा वेगळा प्रश्न त्याच्याही बाबतीत असतोच.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. बॉम्बे रक्तगट हा आजार नाही. या पेशी प्राणवायू वाहण्याचे काम इतर पेशींसारखेच करतात. माणूस निरोगी आयुष्य जगतो आणि रक्त घेण्याची वेळ आली नाही, तर आपला गट वेगळा आहे हे त्याला कळतही नाही.

बियांनी ओळखलेले रक्त

ओ आणि बॉम्बे यांतला फरक ओळखण्याचे साधन एका झुडपाच्या बियांतून मिळते. युलेक्स युरोपियस हे पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप मूळचे युरोपातले. आता ते आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरातही माजलेले दिसते. याच्या बियांच्या अर्कातले एक प्रथिन एच प्रतिजनाला चिकटते. ओ गटाच्या पेशींत हा अर्क घातला की भराभर पुंजके होतात. बॉम्बे गटाच्या पेशी मात्र जशाच्या तशा राहतात.

वनस्पतींच्या या गुणाचा आणखी एक धागा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. ज्या कुळथाचे पिठले आणि कढण कोकणात घरोघरी होते, त्या कुळथाच्या बियांचा अर्क ए गटातल्या मुख्य प्रकाराच्या पेशींचे पुंजके करतो. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांचा हा शोध १९५१ मध्ये, म्हणजे बॉम्बे गटाच्या आदल्याच वर्षी, ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्तपेढ्यांत ए गटाचे उपप्रकार ओळखण्यासाठी तो अर्क वापरला जातो.

आई ओ, वडील ओ आणि मूल बी

‘बॉम्बे’ हे नाव या गटाला मुंबईकरांनी दिलेले नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इटालियन वंशाच्या एका कुटुंबात असेच रक्त आढळले. कुटुंबातली एक स्त्री तपासणीत ओ गटाची दिसत होती, पण तिने पुढच्या पिढीला बी गट दिला होता. म्हणजे बी गटाचे जनुक तिच्याजवळ होते, ते फक्त दिसत नव्हते. मुंबईच्या लेखाची आठवण ठेवून लेव्हाइन यांनी या प्रकाराला ‘बॉम्बे’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

खुंटीच्या उदाहरणाने हेही उलगडते. पिशवी तयार करणारे जनुक आणि खुंटी बसवणारे जनुक वेगवेगळे आहेत. पिशवी घरात असली तरी खुंटी नसेल तर ती टांगणार कुठे? एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकण्याचे हे माणसातले नमुनेदार उदाहरण बारावीच्या आनुवंशिकतेत सहज सांगता येईल. खुंटीचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. ते १९९० मध्ये वेगळे करण्यात आले. भारतीय बॉम्बे गटाच्या व्यक्तींत नेहमी आढळणारा बदल म्हणजे या जनुकातले ७२५ वे अक्षर बदललेले असणे. एवढ्या एका अक्षराने विकर निकामी होते.

याला एक सामाजिक बाजूही आहे आणि शिक्षकांनी ती विसरू नये. ‘आईवडील दोघे ओ असतील तर मूल बी गटाचे होऊ शकत नाही’ हा नियम आपण शिकवतो. समजा, आई बॉम्बे गटाची आहे, तिच्याजवळ बीचे जनुक झाकलेले आहे आणि साध्या तपासणीत ती ओ दिसते. वडील खरोखर ओ आहेत. वडिलांकडून खुंटीचे चालू जनुक आणि आईकडून बीचे जनुक मिळाले, की मूल सरळ बी गटाचे होते. येथे कोणाच्याही चारित्र्याचा प्रश्न नाही, तो जनुकांचा हिशेब आहे. घरातल्या सर्वांचे रक्तगट विचारून तक्ता भरण्याचा प्रकल्प आपण मुलांना देतो. अशा एखाद्या तक्त्यावरून घरात संशय उभा राहू शकतो आणि त्याचा भार बहुधा बाईवरच पडतो. रक्तगटाच्या चौकटीवरून नात्याचा निवाडा करता येत नाही, हे वाक्य प्रकल्पाबरोबरच सांगितले पाहिजे.

आपल्या गावात किती?

मुंबईत सुमारे ७,६०० माणसांमागे एक बॉम्बे गटाची व्यक्ती असते, असा अंदाज डॉ. भाटिया आणि एम. एस. साठे यांच्या १९७४ च्या अभ्यासातून मिळाला. भारतासाठी ढोबळ मानाने १०,००० मागे एक असे प्रमाण सांगितले जाते आणि युरोपात सुमारे दहा लाखांमागे एक. यावर वर्गात एक सोपे गणित करता येईल.

हा गट दिसण्यासाठी आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून खुंटीचे बंद जनुक यावे लागते. १०,००० मध्ये एक हे प्रमाण धरले, तर बंद जनुकाचे प्रमाण त्याचे वर्गमूळ, म्हणजे १०० मध्ये एक. एक चालू आणि एक बंद जनुक असणारी वाहक माणसे त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे ५० मध्ये एक. पन्नास मुलांच्या वर्गात सरासरीने एक वाहक! त्याला स्वतःला कोणतीही अडचण नसते.

मीरा-भाईंदरचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. वरच्या प्रमाणाने येथे बॉम्बे गटाची साधारण ८० माणसे निघतील. शहरात निरनिराळ्या प्रांतांतून आलेली वस्ती आहे, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी-जास्त असेल. पण दहिसरच्या खाडीपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत पसरलेल्या वस्तीत ऐंशीच्या आसपास माणसे अशी असावीत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ओळखपत्रावर ‘ओ’ लिहिलेले असावे, ही कल्पनाच विचार करायला लावते.

मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्ने आपल्याकडे काही समाजांत होत आली आहेत. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकाच आजी-आजोबांकडून आलेले तेच बंद जनुक असण्याची शक्यता वाढते. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला, तर अशा जोडप्याच्या मुलात हा गट येण्याची शक्यता सुमारे सात पट होते. डॉ. भाटिया आणि डॉ. एल. डी. संघवी यांनी १९६२ मध्येच बॉम्बे गट आणि नात्यातली लग्ने यांच्या संबंधावर लेख लिहिला होता.

रक्त लागले तर

समजा, मीरा रोडच्या एखाद्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बाईचा गट ओ असा लिहिलेला आहे. रक्तपेढीत गट दोन्ही बाजूंनी तपासतात. प्रथम तिच्या पेशी एविरोधी आणि बीविरोधी द्रवांत, मग तिचा रक्तद्रव माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशींत. खऱ्या ओ गटाचा रक्तद्रव ओ पेशींना हात लावत नाही. येथे ओ पेशींचेही पुंजके झाले, की तंत्रज्ञ सावध होतो. मग युलेक्सच्या अर्काने खात्री करतात आणि गरज पडल्यास नमुना परळला जातो. १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. डॉ. भाटिया यांचे पुढचे मोठे काम तेथे झाले. आज ते के.ई.एम.च्या आवारातली राष्ट्रीय रक्तविषयक संस्था, एन.आय.आय.एच., म्हणून ओळखले जाते.

शिबिरात काचपट्टीवर एकेक थेंब टाकून होणाऱ्या झटपट तपासणीत सहसा फक्त पहिली बाजू पाहिली जाते. त्यामुळे तेथे बॉम्बे गट ओ म्हणूनच नोंदला जातो.

दाता शोधताना प्रथम रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात, कारण आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक भावंडात हा गट असण्याची शक्यता चारात एक असते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवता येते. घटक वेगळे करण्याचा उपयोगही येथे दिसतो. रुग्णाच्या पेशींवर ए, बी, एच यांपैकी काहीच नसल्याने रक्तद्रवाची अडचण त्या मानाने कमी असते. खरी टंचाई तांबड्या पेशींची. त्या शीतकपाटात ३५ ते ४२ दिवसच टिकतात. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवल्या तर १० वर्षांपर्यंत राहतात, पण ती सोय थोड्याच ठिकाणी असते. म्हणून शेवटी भरवसा माणसांच्या यादीवर. एकदा रक्त दिल्यावर दात्याला निदान तीन महिने थांबावे लागते, तेव्हा यादी लांब असणे आवश्यक आहे. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने बंदी आली आणि ती १ जानेवारी १९९८ पासून अमलात आली. त्यामुळे या यादीतला प्रत्येक जण स्वेच्छेने धावून येणारा असतो.

तक्त्यात एक रकाना

पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट न पाहता आपण फळ्यावरचा तक्ता सुधारू शकतो. ए आणि बीच्या रकान्यांशेजारी एचचा एक रकाना वाढवावा. ए, बी, एबी आणि ओ या चारही गटांसमोर त्यात ‘आहे’ लिहावे. मग खाली पाचवी ओळ काढून तिच्यात तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहावे आणि प्रतिपिंडांचा रकाना मुलांना स्वतः भरायला सांगावा. लँडस्टायनर यांचा नियम कळला असेल तर ती बरोबर भरतात. मग विचारावे, या पाचव्या ओळीतल्या माणसाला कोणाचे रक्त चालेल?

शाळेच्या ओळखपत्रावर आणि वाहन परवान्यावर लिहिलेल्या रक्तगटाबद्दलही दोन शब्द सांगावेत. तो माहीत असणे चांगले, पण तो क्रॉस-मॅचची जागा घेऊ शकत नाही. ‘सर्वदाता’ हा शब्द शिकवताना ‘जुळवणी केल्यावरच’ ही अट जोडावी. रक्तपेढीतून ‘तुमचा गट ओ नाही, पुन्हा तपासू या’ असे कोणाला कधी सांगण्यात आले, तर घाबरून न जाता भावंडांसह तपासणी करून घ्यावी आणि आपले नाव दुर्मीळ दात्यांच्या नोंदवहीत घालावे. मीरा-भाईंदरमधल्या त्या अंदाजे ८० जणांपैकी एकाचे नाव जरी अशा रीतीने यादीत गेले, तरी ऐन वेळी दीडशे नमुने तपासण्याची पाळी कोणावर येणार नाही.